होडीतली बॅटरी : नवशिक्या नाखव्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही होडी घेतलीत. निवृत्तीच्या पैशांतून घेतलीत, घरच्यांनी "कशाला?" म्हणून विचारलं तेव्हा समुद्राकडे बघत राहिलात, हेही योग्यच केलंत. आता तुमच्याकडे अंजनवेलच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक फायबरची होडी आहे, तिच्यामागे एक मशीन आहे, आणि दुकानातून नुकतीच आणलेली एक बॅटरी आहे, जी कुठे ठेवायची हे तुम्हाला माहीत नाही. ही पुस्तिका तुमच्यासाठी आहे.

मासे कसे पकडावेत हे इथे सांगितलेलं नाही. ते मला येत नाही. मासे तात्या पकडतात आणि मी ते त्यांच्याकडून विकत घेतो. घरी सांगताना क्रियापद तेवढं बदलतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र मी अधिकारानं बोलू शकतो, कारण गेल्या सहा वर्षांत मी चार बॅटऱ्या मारल्या आहेत. एक बुडवून, एक तहानेनं, एक उताणी पाडून आणि एक झाकण लावून. तात्या खारवी, जन्मापासून दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी. त्यांची बॅटरी पाच वर्षं चालते. ते पुस्तिका लिहीत नाहीत.

धडा पहिला : ओळख

बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल यांचा प्लास्टिकच्या डब्यातला संसार. १८५९ मध्ये गॅस्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसानं तो मांडून दिला आणि अजून तसाच चालू आहे. डब्यात सहा खण असतात. एकेका खणाचे दोन व्होल्टच्या जरा वर, असे सहांचे मिळून भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. दुकानदार तिला 'बारा व्होल्टची' म्हणतो, म्हणून नवशिक्या मीटरवर १२ बघून खूश होतो. १२ म्हणजे पास नव्हे, एटीकेटी. बॅटरी तेव्हा निम्म्याच्या खाली उतरलेली असते.

आता हिच्यात वीज किती? ८० एएचची बॅटरी काठोकाठ भरली तर ९६० वॅट-तास, म्हणजे पुरतं एक युनिटही नाही. अंजनवेलच्या माणसाला युनिट म्हणजे काय हे शिकवायला नको. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीनं राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला तो आमच्याच बाजूच्या सड्यावरच्या वीजप्रकल्पासाठी. १९९९ मध्ये तिथे वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नावानं प्रकल्पाचा पुनर्जन्म झाला. क्षमता १९६७ मेगावॅट. एवढा प्रकल्प पूर्ण ताकदीनं चालला तर तुमची बॅटरी भरेल इतकी वीज सेकंदाच्या पाचशेव्या भागात तयार होते. तुम्ही मात्र ती पडवीत रात्रभर चार्जिंगला लावणार आहात, आणि रात्री अकराला वीज जाणार आहे.

एवढ्याशा विजेवर होडीतला दिवा, जीपीएस, फिश फाइंडर, पाणी उपसायचा पंप आणि वायरलेस चालवायचा असतो. (पाण्यावर झगझगीत एलईडी सोडून मासळी गोळा करायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्यावर बंदी आहे. शिवाय तेवढ्या दिव्यांना जनरेटर लागतो, तुमच्या बॅटरीचं ते काम नव्हे.)

धडा दुसरा : जागा

नवशिक्याला होडीत बॅटरीसाठी चार जागा सुचतात. चारही चुकीच्या असतात, पण त्या क्रमानं करून बघायची पद्धत आहे.

पहिली म्हणजे तळ. वजनदार वस्तू खाली ठेवावी हे शाळेत शिकलेलं असतं. वीस-बावीस किलोचा डबा तळाशी ठेवला की होडी डुलत नाही, हे खरं आहे. पण तळाशी पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी उपसायचा पंप त्याच बॅटरीवर चालतो. म्हणजे होडीत पाणी भरलं की आधी बॅटरी बुडणार आणि मग पंप बंद पडणार. मी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. त्या पाण्याची आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. समुद्राचं पाणी बॅटरीच्या खणात शिरलं तर मिठापासून क्लोरीन वायू सुटतो. पाणबुड्यांमधली माणसं या वायूची धास्ती घेऊनच झोपत. उघड्या होडीत वारा तुमच्या बाजूनं असतो म्हणून आपण वाचतो, एवढंच.

दुसरी जागा नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. तिथे कुणी बसत नाही, म्हणून रिकामी दिसते. कुणी का बसत नाही, हे पहिल्या लाटेला कळतं. होडीचा सगळ्यात जास्त आपटणारा भाग तोच. आपटून आपटून आतल्या पट्ट्यांवरचा लेप सुटतो, खाली गाळ होऊन साचतो आणि एखादा खण आतल्या आतच जोडला जाऊन मरतो. वरून डबा नवा कोरा दिसतो.

तिसरी जागा पेट्रोलच्या टाकीशेजारी, कारण वायर आखूड पडते. याबद्दल जास्त लिहीत नाही. ठिणगी आणि पेट्रोल यांची ओळख करून देणाऱ्याला पुस्तिका वाचायला सवड मिळत नाही.

चौथ्या जागेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ती माझी स्वतःची कल्पना होती. बर्फाचा खोका. जाड थर्माकोलचा, घट्ट झाकणाचा, आत पाण्याचा थेंब जात नाही. मला वाटलं, मासे मी पकडतच नाही, तर खोका रिकामा कशाला ठेवा? बॅटरी त्यात बसवली, वायरींपुरती दोन भोकं पाडली, तीही एम-सील लावून बुजवली. तात्यांनी खोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, हिला श्वास कुठनं?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण बॅटरी खरोखरच श्वास सोडते. चार्जिंग होताना, आणि भरत आल्यावर तर जोरात, तिच्यातल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे निघतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेटायला तयार, आणि पार ७५ टक्क्यांपर्यंत तयारच राहतो. आता पलीकडे बघा. आमच्या त्या प्रकल्पाशेजारी एलएनजीचं टर्मिनल आहे. उणे १६२ अंशांना गार करून पातळ केलेला वायू तिथे जहाजातून उतरतो. तो मुख्यतः मिथेन. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो, आणि हायड्रोजनला लागते त्याच्या दहापट तरी मोठी ठिणगी त्याला लागते. त्या वायूसाठी कुंपण आहे, पहारा आहे. आणि त्याहून तापट वायू मी मासळीच्या खोक्यात कोंडून, वर उशी टाकून, तिच्यावर बसलो होतो.

मशीन चालू होतं, बॅटरी चार्ज होत होती. मध्येच जीपीएस लुकलुकायला लागलं, म्हणून मी झाकण उघडलं आणि सैल झालेलं टर्मिनल हातानं दाबलं. ठिणगी इतकी बारीक होती की दिसलीही नाही. आवाज दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचा. बॅटरीचं वरचं टोपण फुटून उडालं आणि अ‍ॅसिड तोंडावर, शर्टावर. चष्मा होता म्हणून हे लिहितोय. तात्यांनी मला होडीच्या काठावर आडवं केलं आणि पिण्याच्या पाण्याचा आख्खा कॅन सावकाश तोंडावर ओतला. मी "पुरे" म्हणालो की ते "गप" म्हणत. अ‍ॅसिडला गोडं पाणी, भरपूर, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग थेट दवाखाना. डोळ्यात सोडा किंवा दूध घालू नये. खायचा सोडा होडीवर आणि फळीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी असतो. शर्टाला काहीच झालं नव्हतं. धुतला तेव्हा त्याची चाळण झाली.

योग्य जागा मग कोणती? मधल्या किंवा मागच्या बांकाखाली, तळापासून हातभर वर, फळीवर. वरून पाणी उडू नये म्हणून झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत. पण पेटीला वरच्या बाजूला भोकं हवीत. हायड्रोजन हलका, तो वरूनच जातो. भोकं बाजूच्या कडेला, झाकणाच्या ओठाखाली पाडा, म्हणजे वायू बाहेर आणि लाट बाहेरच. पेट्रोलची टाकी होडीच्या दुसऱ्या अंगाला. इतकं सोपं आहे, आणि त्याला मला तीन बॅटऱ्या लागल्या.

धडा तिसरा : बांधणं

नवशिक्या बॅटरी ठेवतो. अनुभवी माणूस बॅटरी बांधतो. या दोन क्रियापदांमध्ये दाभोळच्या खाडीचं तोंड आहे.

संध्याकाळी ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर धावत असतं आणि पश्चिमेचा वारा समुद्राच्या लाटा आत ढकलत असतो. दोघांची गाठ तोंडाशी उथळ पाण्यावर पडते, आणि तिथे लाट उभी राहते. मी त्या वेळेला, त्या जागी, त्या दिशेनं येत होतो. बॅटरी पेटीत होती, पेटी फळीवर होती, आणि पेटीला फळीशी बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे माझा विश्वास. दुसऱ्या लाटेला पेटी सरकली, तिसऱ्या लाटेला उताणी पडली. दिवा गेला, जीपीएस गेलं, पंप गेला. अ‍ॅसिड जाळ्यावर सांडलं.

अशा वेळी काय करायचं? बॅटरीवर चालत नाही ते सगळं वापरायचं. उजव्या हाताला टाळकेश्वरचं दीपगृह फिरत होतं. त्याच अंगाला टर्मिनलचे दिवे होते. डाव्या हाताला दाभोळ. गोपाळगडाचा काळा उंचवटा शोधत शोधत आत आलो. तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून जिंकून घेतलेल्या त्या गडाचा मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या रात्री जास्त उपयोग झाला. (मोबाइल कोरडा आणि चार्ज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्यात साठवून ठेवा. वायरलेस असेल तर संकटाची हाक चॅनेल १६ वर. पण वायरलेसची बॅटरी तीच असेल, जी आत्ता उताणी पडली आहे, तर बोंब मारायचा गळा आपलाच.)

बांधायची रीत अशी. फळीवर बॅटरीच्या मापाची चौकट ठोकायची, चारही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या, बॅटरी आत अलगद पण दाबून बसेल अशी. खिळे नाहीत, स्क्रू, तेही स्टेनलेस स्टीलचे. मग वरून पट्टा किंवा दोर आडवा घेऊन फळीच्या खालून आवळायचा. दोर कोणता, यावर तात्यांनी मला अर्धा तास दिला. माझ्याकडे नायलॉनचा होता, चांगला जाड, चकचकीत. ते म्हणाले, "ह्याला अ‍ॅसिड लागला की आतून कुजतो. वरनं कळत नाय. पीपीचा घ्या." रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूनं आहे: गंधकाम्ल नायलॉनला खातं, पॉलिप्रॉपिलीनला सहसा खात नाही. तात्या रसायनशास्त्र शिकलेले नाहीत. त्यांचा एक दोर एकदा तुटला होता.

अमेरिकेत छोट्या बोटींसाठी जी मानकं आहेत त्यांत म्हटलंय, की चाळीसएक किलोच्या ओढीला बॅटरी एक इंचापेक्षा जास्त सरकू नये. तात्यांची चाचणी अशी: बांकावर बसायचं, टाच बॅटरीला लावायची आणि ढकलायचं. हलली तर तुम्ही होडीतून उतरायचं. दोन्ही चाचण्या मला सारख्याच कडक वाटतात.

धडा साडेतीन : पाना

हा वेगळा धडा नाही, पण इथेच सांगितला नाही तर विसरेन. टर्मिनल आवळायचा पाना एकाच वेळी प्लसला आणि शेजारच्या मायनसला लागला, तर तो तिथेच चिकटतो, लाल होतो आणि सुटत नाही. दिवा मिणमिणता ठेवणारी हीच बॅटरी तेव्हा पान्यातून शेकडो अँपियर सोडते. म्हणून काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी लावा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. हातातलं तांब्याचं कडं, अंगठी, घड्याळ घरी ठेवा. प्लसवर रबरी टोपी हवीच. होडीत लोखंडी आकडी, साखळी, नांगर इकडेतिकडे लोळत असतात आणि त्यांना प्लस-मायनस कळत नाही.

प्लसच्या वायरीवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, फ्यूज बसवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालणारे लोक मला भेटले आहेत. ते आता फ्यूजबद्दल फार बोलत नाहीत.

धडा चौथा : पाणी पाजणं

माझी दुसरी बॅटरी तहानेनं मेली. बाजारात 'मेंटेनन्स फ्री' लिहिलेल्या बॅटऱ्या मिळतात, माझी तसली नव्हती, पण मी तिला तसंच वागवलं. सहा बुचं असतात. महिन्यातून एकदा ती उघडून बघायचं, पट्ट्या पाण्याखाली आहेत का. नसतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं नाही, नळाचं नाही, फिल्टरचंही नाही, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नाही. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. काठोकाठ भरायचं असेल तर चार्जिंग झाल्यावर भरा. आधी भरलं तर चार्जिंगला पातळी चढते आणि अ‍ॅसिड बुचातून बाहेर येतं. उघड्या बुचाशी वाकून आत बघताना बिडी नको. टॉर्च लावा.

टर्मिनलवर पांढरा-निळसर खार चढतो तो समुद्राची आणि अ‍ॅसिडची एकत्र मेहनत. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, फेस येतो, मुलांना आवडतं. मुलांना लांब ठेवा. सुकलं की टर्मिनल आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं हे माझं तंत्र होतं, ते वापरू नका.

लिथियमबद्दल विचाराल. हलकी असते, तेवढ्याच विजेला निम्म्याहून कमी वजन, उताणी पडली तरी अ‍ॅसिड सांडायचं नाही. पण तिला तिचाच चार्जर लागतो, खाऱ्या पाण्याचं तिलाही वावडं, आणि किंमत ऐकून तात्या दोन वेळा "कितीला?" म्हणाले. मशीनवरून येणारं जुन्या पद्धतीचं चार्जिंग तिला तसंच जोडू नका. यापुढचं मला झेपत नाही.

धडा पाचवा : पावसाळा

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मशीनच्या होड्यांना समुद्र बंद. होडी वर ओढली, वर झाप टाकले, जाळी माळ्यावर गेली. बॅटरीला होडीतच ठेवणारा माणूस नवशिक्याहूनही खालच्या यत्तेतला. ती घरी आणायची, वायरी काढून, पुसून, आणि आधी पूर्ण भरून. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट घट्ट होऊन बसतं आणि मग चार्जरनं कितीही आर्जवं केली तरी उठत नाही. नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू उतरतेच, उकाड्यात जरा जास्तच, म्हणून महिन्याला एकदा चार्जिंगला लावायची.

पडवीत ठेवा, खिडकीजवळ, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. गावात सांगतात, जमिनीवर ठेवली की जमीन चार्ज खाते, म्हणून खाली फळी घालावी. हे जुन्या काळच्या डब्यांबद्दल खरं होतं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला जमीन काही करत नाही. तरी मी फळी घालतो. आईसमोर वाद घालायचा नसतो.

यंदा मी सगळं नियमानं केलं. पूर्ण भरली, पुसली, फळीवर ठेवली, वर तारखांचा कागद चिकटवला. १ जून : १२.७. मग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वादळी पाऊस झाला आणि दोन दिवस वीज नव्हती. सड्यावर १९६७ मेगावॅटचा प्रकल्प आणि आमच्या घरात मेणबत्ती. धाकट्या सुनेनं विचारलं, "बाबा, ती बॅटरी भरलेलीच आहे ना?" दोन बल्ब लागले. मग शेजारचे मोबाइल घेऊन आले. मग त्यांचे पाहुणे. मला कुणी विचारलं तर मी "घ्या की" म्हणत होतो, समुद्रावर कुणाला नाही म्हणायचं नसतं आणि पडवीतही नाही. वीज आल्यावर ती चार्जिंगला लावायचं काम दुसऱ्यानं केलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

ऑगस्टला ती होडीत नेली, चौकटीत बसवली, पीपीच्या दोरानं आवळली. तात्यांनी टाच लावून ढकलली. तसूभर हलली नाही. पहिल्यांदाच त्यांनी मान डोलावली. मग मी मीटर लावला : १०.५. रात्रभर चार्जिंग करून पुन्हा लावला, पुन्हा १०.५. पहिल्या धड्यातलं गणित आठवा, एकेका खणाचे दोन व्होल्टच्या जरा वर. १२.६ मधून एक खण गेला की बरोबर साडेदहा उरतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, घरीही फोडू नका. जाळ्याला शिशाच्या गोळ्या होतील म्हणून चुलीवर शिसं वितळवणारे आहेत, तो धूर घरातल्या लहान मुलांच्या रक्तात जातो. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसे वळते करून देतो. मी गुहागरला घेऊन गेलो. दुकानदारानं ती काट्यावर ठेवली, माझ्याकडे बघितलं, "काका, पाचवी ना?" म्हणाला आणि पावती फाडली. पावती मी शर्टाच्या खिशात घातली, ती खालून बाहेर पडली. तोच अ‍ॅसिडवाला शर्ट.